उत्तरेचा तारा : फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन, धर्मविचार आणि पत्रकारिता

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पाठ शिकविताना आम्हां इतिहासाच्या अध्यापकांच्या हातून एक चूक वारंवार घडत आली आहे. अब्राहम लिंकन यांनी गुलामांना मुक्त केले, असे एका वाक्यात सांगून आम्ही पुढील धड्याकडे वळतो. विद्यार्थ्यांच्या मनात मग असे चित्र उरते की, सुमारे चाळीस लाख माणसे हात जोडून वाट पाहत बसली होती आणि एका थोर पुरुषाने येऊन त्यांच्या बेड्या तोडल्या. हे चित्र अपुरे आहे, आणि ज्यांचे पूर्वज स्वतः बहिष्कृत होते अशा मुलांसमोर ते ठेवणे अन्यायाचेही आहे. बेड्या आतूनही तुटत होत्या. त्या तोडणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, ते फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील टॅलबट परगण्यात १८१८ साली फ्रेडरिकचा जन्म झाला. जन्मतिथीची नोंद त्यांना कधीच मिळाली नाही, कारण गुलामाचे मूल जन्मते ते मालकाच्या मालमत्तेत भर म्हणून. आई हॅरिएट बेली दूरच्या मळ्यावर राबत असे. दिवसभराचे काम संपल्यावर रात्री मैलोगणती चालत येऊन ती लेकराला कुशीत घेई आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. फ्रेडरिक सुमारे सात वर्षांचा असताना ती मरण पावली. वडील गोरे होते, एवढेच लोकांच्या बोलण्यातून कानावर आले होते. आजी बेट्सी हिच्या झोपडीत गेलेली पहिली काही वर्षे हेच त्या मुलाचे बालपण होय.

१८२६ साली त्याला बाल्टिमोर शहरी ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठविण्यात आले. मालकीण सोफिया प्रारंभी मायाळू होती. बायबलचे वाचन ऐकून मुलाला अक्षरांची ओढ लागलेली पाहून तिने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. पतीला हे कळताच त्याने शिकवणी तत्काळ बंद पाडली. वाचता येऊ लागलेला गुलाम गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याने पत्नीला बजावले. त्या मुलाने ते ऐकले आणि त्याच क्षणी त्याला मुक्तीचा मार्ग कळला. मालकाला ज्याची एवढी भीती वाटते, तेच आपण मिळविले पाहिजे, अशी खूणगाठ त्याने बांधली. पुढे रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पावाचा तुकडा देऊन त्याबदल्यात तो एकेक शब्द शिकत गेला. बाराव्या वर्षाच्या सुमारास बूटपॉलिश करून मिळविलेल्या पन्नास सेंटांतून त्याने भाषणांच्या उताऱ्यांचे एक पुस्तक विकत घेतले. गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी झगडणारी माणसे या देशात आहेत, ही वार्ताही त्याला प्रथम समजली ती बाल्टिमोरच्या एका वृत्तपत्रातून. अक्षर आणि वृत्तपत्र या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात अशा हातात हात घालून आल्या.

धर्माशी झालेला त्याचा परिचय मात्र दुहेरी होता. बाल्टिमोरमध्ये लॉसन नावाच्या एका वृद्ध, श्रद्धाळू कृष्णवर्णीय गृहस्थाच्या सहवासात तेरा-चौदा वर्षांचा फ्रेडरिक मनापासून भाविक झाला. १८३३ साली त्याला पुन्हा खेड्यात, सेंट मायकेल्स येथे थॉमस ऑल्ड याच्याकडे धाडण्यात आले. हा मालक नुकताच मेथडिस्ट पंथाच्या मेळाव्यात पश्चात्ताप पावून धार्मिक झाला होता. आता तरी त्याच्या मनात दया उपजेल, अशी भाबडी आशा गुलामांना वाटली. परंतु घरातील प्रार्थना वाढल्या आणि फटकेही वाढले. फ्रेडरिकने आपल्या बांधवांना वाचायला शिकविण्यासाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा चर्चमधील पुढारी मंडळीच काठ्या घेऊन आली आणि त्यांनी ती उधळून लावली. त्यानंतर त्याला वठणीवर आणण्यासाठी वर्षभराकरिता एडवर्ड कोव्ही याच्या स्वाधीन करण्यात आले. गुलामांचा कणा मोडून देणे हा कोव्हीचा लौकिक होता आणि तोही नियमाने प्रार्थना करणारा मेथडिस्टच होता. १८३४ च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने मार खाण्यास नकार दिला आणि दोघांची झुंज सुमारे दोन तास चालली. त्या दिवसानंतर कोव्हीने त्याच्या अंगाला हात लावला नाही. शरीराने तो अजून गुलामच होता, पण मनाने मुक्त झाला होता.

पुढच्या मळ्यावर त्याने पुन्हा रविवारची शाळा भरविली. यावेळी तिच्यात चाळीसहून अधिक विद्यार्थी गुपचूप येऊ लागले. १८३६ साली पळून जाण्याचा बेत उघडकीस येऊन त्याला तुरुंगवास घडला. नंतर बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे काम तो शिकला. आठवड्याची मजुरी मात्र मालकाच्या हाती मोजून द्यावी लागे. तेथेच ॲना मरे ही घरकाम करणारी स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणी त्याच्या आयुष्यात आली. खलाशाचा वेश करून आणि एका स्वतंत्र खलाशाचे उसने कागदपत्र खिशात बाळगून फ्रेडरिक ३ सप्टेंबर १८३८ रोजी आगगाडीत बसला. प्रवासासाठी लागणारा पैसा ॲनाच्या बचतीतून आला होता. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. थोड्याच दिवसांत ॲनाही तेथे आली आणि दोघांचा विवाह झाला. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या बंदरात संसार मांडताना पाठलाग टाळण्यासाठी त्यांनी बेली हे आडनाव टाकून डग्लस हे नवे नाव धारण केले.

उत्तरेत गुलामगिरी नव्हती. भेदभाव मात्र होता. न्यू बेडफर्डच्या मेथडिस्ट चर्चमध्ये डग्लस जाऊ लागले. प्रभुभोजनाच्या विधीची वेळ आली, तेव्हा आधी सर्व गोऱ्या भाविकांना भाकर व द्राक्षारस देण्यात आला आणि ते उरकल्यावर धर्मोपदेशकाने कोपऱ्यात थांबलेल्या काळ्या भाविकांना पुढे बोलाविले. ज्या विधीने सर्व एका कुटुंबाचे होतात असे शिकविले जाते, त्याच विधीत रांगा दोन होत्या. डग्लस उठले आणि पुन्हा त्या चर्चची पायरी चढले नाहीत. आमच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी बापजाद्यांनी जे अनुभवले, त्याचेच हे दुसऱ्या खंडातील रूप होते.

डग्लस यांनी मग आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चचा आश्रय घेतला. अशाच अपमानाला कंटाळून गोऱ्यांच्या चर्चमधून बाहेर पडलेल्या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा संप्रदाय उभारला होता. १८३९ मध्ये डग्लस यांना तेथे उपदेशकाची परवानगी मिळाली. त्याच सुमारास ते विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या ‘लिबरेटर’ या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाचे वर्गणीदार झाले. रविवारी चर्चचे व्यासपीठ आणि आठवडाभर वृत्तपत्राचे पान, अशा दोन पाठशाळांतून त्यांचे वक्तृत्व घडले. १८४१ च्या ऑगस्टमध्ये नँटुकेट येथील सभेत त्यांनी आपली हकीकत सांगितली आणि तेथून ते चळवळीचे पूर्णवेळ वक्ते झाले.

एवढा सुसंस्कृत वक्ता कधी गुलाम असेल यावर अनेक श्रोत्यांचा विश्वास बसेना, म्हणून १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात मालकाचे व ठिकाणाचे नाव खुलेपणाने दिले. पहिल्या चार महिन्यांतच पाच हजार प्रती खपल्या. त्या पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी एक खुलासा जोडला. ख्रिस्ताची शिकवण आणि गुलामांच्या मालकांचा धर्म या दोहोंत आपण जमीन-अस्मानाचा फरक मानतो. पहिलीवर आपले प्रेम आहे, म्हणूनच दुसऱ्याचा आपल्याला तिटकारा आहे, असा त्याचा आशय होता. पण पुस्तकामुळे ठावठिकाणा उघड झाला आणि पकडले जाण्याच्या भयाने त्यांना आयर्लंड व ब्रिटनमध्ये जावे लागले. तेथेही त्यांनी धर्मसंस्थेला सोडले नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने गुलामगिरीच्या राज्यांतून सुमारे तीन हजार पौंडांची देणगी घेतली होती. तो पैसा परत पाठवा, ही मागणी त्यांनी १८४६ साली गावोगावच्या सभांतून घुमविली. चर्चने पैसा परत केला नाही, परंतु देवळाच्या दानपेटीत कोणाचा घाम पडतो हा प्रश्न लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश मित्रांनी १५० पौंड भरून त्यांची कायदेशीर मुक्तता विकत घेतली.

१८४७ मध्ये मायदेशी परतताना डग्लस यांच्या मनात एकच विचार होता, तो म्हणजे आपले स्वतःचे वृत्तपत्र. कृष्णवर्णीयांच्या पत्रकारितेला तेव्हा वीस वर्षे झाली होती. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक आणि जॉन रसवर्म यांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ काढले होते. आपली बाजू फार दिवस इतरांनीच मांडली, आता ती आपण मांडू, ही त्यामागील भूमिका होती. या वाटेवर धोकाही होता. १८३७ मध्ये इलिनॉयमधील आल्टन येथे एलायजा लव्हजॉय या गोऱ्या धर्मोपदेशक-संपादकाला, छापखान्याचे रक्षण करीत असताना जमावाने गोळ्या घालून ठार केले होते. गॅरिसन यांनी डग्लस यांना या विचारापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. वृत्तपत्रे पुष्कळ आहेत, हे चालणार नाही, तुमची जागा व्यासपीठावर आहे, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. सल्ला हितचिंतकांचाच होता. पण हितचिंतकाच्या पानावर आपण पाहुणे असतो आणि आपल्या पानावर आपण मालक असतो, हा भेद डग्लस यांनी ओळखला.

ब्रिटनमधील मित्रांनी दिलेल्या निधीतून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ३ डिसेंबर १८४७ रोजी ‘नॉर्थ स्टार’चा पहिला अंक निघाला. पळालेले गुलाम रात्री ज्या ध्रुवताऱ्याकडे पाहून उत्तरेची वाट धरीत, त्याचे हे नाव होते. वृत्तपत्राचे आरंभीचे बिऱ्हाड झायन चर्चच्या तळघरात होते. ज्या माणसाला एका चर्चने कोपऱ्यात उभे केले, त्याच्या पत्राला दुसऱ्या चर्चने पायाखालची जागा दिली. चार पानांच्या या साप्ताहिकाची वार्षिक वर्गणी दोन डॉलर होती. मार्टिन डिलेनी हे सहसंपादक आणि विल्यम नेल हे प्रकाशक होते. सत्याला रंग नसतो आणि हक्काला लिंग नसते, अशा आशयाचे ब्रीद शीर्षभागी झळकत होते.

वृत्तपत्र चालविणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी चळवळीचे नियतकालिक चालविले आहे त्यांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या वर्गणीदारांत गोऱ्यांचीच संख्या अधिक होती, कारण ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत अक्षर पोहोचलेच नव्हते. डग्लस यांनी राहते घर गहाण टाकले. इंग्लंडहून आलेल्या ज्युलिया ग्रिफिथ्स यांनी हिशेब हाती घेतले, तेव्हा कुठे कर्ज फिटले आणि खप दोन हजारांवरून चार हजारांपर्यंत गेला. डग्लस यांची मुले खिळे जुळविण्यास आणि अंक वाटण्यास शिकली. १८५१ मध्ये हेच पत्र ‘फ्रेडरिक डग्लस पेपर’ झाले आणि पुढे मासिकाच्या रूपात १८६३ पर्यंत चालू राहिले.

या पानांवरून त्यांनी काय केले? १८४८ च्या जुलैमध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. मताधिकाराचा ठराव बारगळण्याच्या बेतात असताना डग्लस यांनी उठून त्याला पाठिंबा दिला, आणि परिषदेचा वृत्तान्त ‘नॉर्थ स्टार’च्या छापखान्यातच छापला गेला. कन्या रोझेटा हिला शाळेत प्रवेश देऊनही इतर मुलींपासून वेगळे बसविण्यात आले, तेव्हा त्यांनी तो अन्याय आपल्या पत्रात जाहीर केला. रॉचेस्टरच्या सार्वजनिक शाळांतील भेदभाव १८५७ मध्ये संपुष्टात आला. गुलामांना बायबलच्या प्रती वाटण्याची मोहीम निघाली, तेव्हा त्यांनी विचारले की, ज्याला वाचू दिले जात नाही आणि ज्याला स्वतःच्या देहावरही मालकी नाही, त्याच्या हाती पुस्तक देण्यात कोणते पुण्य आहे? ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे केलेल्या भाषणात स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवाला आणि गुलामगिरीपुढे मौन पाळणाऱ्या चर्चना त्यांनी एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

चरित्र लिहिताना केवळ उजेडाकडे पाहणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्यांनी अक्षराला मुक्तीचा मार्ग मानले, त्यांच्या घरात ॲना जवळजवळ निरक्षरच राहिल्या. शिकविण्याचे प्रयत्न झाले, पण ते तडीस गेले नाहीत. पती महिनोन्‌महिने दौऱ्यावर असताना जोडे शिवून त्यांनी संसार चालविला, मुले वाढविली आणि कॅनडाकडे निघालेल्या फरारी गुलामांना रात्री-अपरात्री दार उघडून जेवू घातले. १८८२ साली त्यांचे निधन झाले. ‘नॉर्थ स्टार’च्या इतिहासात संपादकांची नावे येतात, ॲना डग्लस यांचे नाव येत नाही, म्हणून ते येथे लिहिणे आम्ही कर्तव्य मानतो. तसेच १८६९ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार आधी की स्त्रियांचा, या वादात जुन्या सहकारी स्त्रियांशी डग्लस यांचा कटू संघर्ष झाला. वंचितांना एकमेकांच्या रांगेत मागे-पुढे उभे करणे ही व्यवस्थेची जुनी युक्ती आहे, आणि थोर माणसेही तिच्यातून पूर्णपणे सुटत नाहीत.

यादवी युद्धात डग्लस यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीसाठी लेखणी व वाणी दोन्ही झिजविल्या. लुईस आणि चार्ल्स हे पुत्र मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाले. सैनिकांना समान वेतन मिळावे म्हणून १८६३ च्या ऑगस्टमध्ये डग्लस लिंकन यांना प्रत्यक्ष भेटले. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने मताधिकार मिळाला. आनंदाच्या सभांमध्ये सर्वत्र परमेश्वराचे आभार मानले जात होते. डग्लस यांनी मात्र ज्या स्त्री-पुरुषांनी आयुष्य वेचून हा दिवस आणला त्यांचे आभार मानले आणि देवाचे दर्शन आपल्याला अशा माणसांतच घडते, असे सांगितले. त्यावर फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी त्यांचा निषेध केला. डग्लस बधले नाहीत. ते धर्मद्वेष्टे नव्हते आणि अखेरपर्यंत स्वतःला ख्रिस्ताच्या शिकवणीपासून त्यांनी तोडलेही नाही. पण माणसाच्या श्रमाचे श्रेय आकाशाला देण्यास त्यांनी नकार दिला. भगवान बुद्धांच्या अनुयायांना यात आपलेपणा वाटला तर नवल नाही.

त्यांच्या विचाराची झेप आपल्या समाजापुरती नव्हती. कॅलिफोर्नियात आलेल्या चिनी मजुरांनी डोंगर फोडून लोहमार्ग बांधला होता. तरी त्यांच्या वेशाची, भाषेची आणि देवळांची वृत्तपत्रांतून टिंगल चाले. १८६९ साली बोस्टन येथील व्याख्यानात डग्लस यांनी या परक्या मानल्या गेलेल्या माणसांची बाजू घेतली. त्यांना देशात येऊ द्यावे, नागरिकत्व व मताधिकार द्यावा, कायद्यापुढे सर्व धर्म समान असावेत, आणि अनेक वंशांनी मिळून राष्ट्र बनण्यातच अमेरिकेचे सामर्थ्य आहे, असे त्यांनी प्रतिपादले. राष्ट्राने त्यांचे ऐकले नाही. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. परंतु आपल्यावरील अन्याय दूर होताच दुसऱ्यावरील अन्यायाकडे डोळेझाक करणारांपैकी डग्लस नव्हते, याची साक्ष राहिली.

१८७० मध्ये त्यांनी वॉशिंग्टनहून ‘न्यू नॅशनल एरा’ हे पत्र चालविण्यास घेतले. ते १८७४ मध्ये बंद पडले आणि सुमारे दहा हजार डॉलरचा तोटा पदरी आला. त्याहून मोठा घाव १८७२ साली बसला होता. रॉचेस्टरचे घर जळाले आणि त्यात ‘नॉर्थ स्टार’ व पुढील पत्रांचे अनेक वर्षांचे बांधीव अंक भस्मसात झाले. नंतर त्यांनी शासनात उच्च पदे भूषविली. १८८९ ते १८९१ या काळात ते हैती या कृष्णवर्णीयांच्या प्रजासत्ताकात अमेरिकेचे राजदूत होते.

१८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांना मानाचे स्थान नव्हते. हैतीच्या दालनाचे प्रमुख म्हणून तेथे उपस्थित असलेल्या पंचाहत्तरीतल्या डग्लस यांनी तरुण पत्रकार आयडा वेल्स यांच्यासमवेत या बहिष्काराची कारणमीमांसा करणारी पुस्तिका काढून प्रेक्षकांत वाटली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये सर्वधर्म परिषद भरली आणि तीत श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल यांनी बुद्धाचा धम्म मांडला. दोन वर्षांनी, २० फेब्रुवारी १८९५ रोजी, दिवसा स्त्रियांच्या परिषदेला हजर राहून घरी परतलेल्या डग्लस यांचे त्याच संध्याकाळी निधन झाले. रॉचेस्टरच्या भूमीत त्यांचा देह विसावला आहे.

डग्लस ज्या लढ्याचे सेनानी होते, त्याचा ध्वनी महाराष्ट्रात त्यांच्या हयातीतच पोहोचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती विद्यापीठाला लागूनच होती, आणि डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचे ‘क्रायसिस’ हे मासिक त्याच शहरातून निघत होते. याच ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. तत्पूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ जन्मास आला होता, त्यामागे राजर्षी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे क्रमाने उच्चारली, तरी मुक्याला वाचा फुटून तो प्रबुद्ध होईपर्यंतचा प्रवास डोळ्यांपुढे येतो.

आमच्या मते या चरित्रातून घेण्याजोगे दोन बोध आहेत. धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून करू नये. तो आपल्या दारातल्या शेवटच्या माणसाला कोणत्या रांगेत उभा करतो, यावरून करावी. आणि ज्या समाजाकडे स्वतःचे पान नाही, त्याची कथा दुसरेच लिहितात. आपल्या चळवळीतील कित्येक नियतकालिकांचे अंक आज मिळत नाहीत. काही वाळवीने खाल्ले, काही पुरात गेले, काही रद्दीत विकले गेले. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की, घरातील जुन्या पेटीत, माळ्यावर असा एखादा अंक असेल तर तो शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावा. डग्लस यांचे अंक आगीने नेले. आपले अंक निदान आपल्या दुर्लक्षाने तरी जाऊ नयेत.